कथाचर्चेसाठी शहरातील वाचनालय की गावातील वाचनमंडळ?

बेळगाव आणि खानापूर परिसरातील ज्या वाचकाला कथा वाचून झाल्यावर तिच्यावर कुणाशी तरी बोलावेसे वाटते, त्याच्यापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. एक म्हणजे शहरातील वाचनालयाच्या आधाराने चालणारा चर्चागट आणि दुसरी म्हणजे गावातील शाळेत, देवळाच्या सभामंडपात किंवा कुणाच्या सोप्यात जमणारे वाचनमंडळ. दोहोंतील खरा फरक प्रतिष्ठेचा नसून, कथा घरी वाचून यायची की बैठकीतच ऐकायची, हा आहे आणि निवड त्यावरूनच करावी, असे माझे मत आहे.

वाचनालयाच्या गटात सभासदाने कथा आधी वाचलेली असावी, ही अपेक्षा असते. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. अशा जुन्या संस्थेच्या कपाटात मागील पिढ्यांचे कथासंग्रह सापडतात आणि दिवाळीनंतर सभासदांना दिवाळी अंक आळीपाळीने घरी नेता येतात, त्यामुळे कथेची प्रत मिळवण्याची अडचण फारशी उरत नाही. पूर्ण वेळ चर्चेला मिळत असल्याने निवेदक कोण आहे, शेवट पटतो का, एखादा प्रसंग गाळला तर काय बिघडेल, असे प्रश्न सविस्तर हाताळता येतात. बेळगावात शिकलेल्या आणि धारवाडला अध्यापन केलेल्या जी. ए. कुलकर्णी यांच्या दीर्घकथा तर एका बैठकीत मोठ्याने वाचून त्यांवर बोलणे जवळपास अशक्य आहे. त्या घरी सावकाश, शक्य तर दोनदा वाचूनच याव्या लागतात. मात्र अशा गटात निवृत्त प्राध्यापक आणि शिक्षक बरेच असले, तर चर्चेचे व्याख्यान व्हायला वेळ लागत नाही आणि नवखा सभासद महिनोन्महिने नुसती मान डोलावत बसतो.

गावातील मंडळात एक जण कथा वाचतो आणि बाकीचे ऐकतात. दहा-बारा पानांची कथा अर्ध्या-पाऊण तासात संपते, पण त्याहून मोठी कथा दोन बैठकांत विभागावी लागते आणि दुसऱ्या बैठकीला निम्मी माणसे बदललेली असतात. ही उणीव मान्य करूनही मला या पद्धतीचे मोल अधिक वाटते, कारण मराठी शाळा सोडल्यापासून ज्यांनी पुस्तक हाती धरलेले नाही, अशी माणसेही येथे आपले मत मांडतात. कथेतील शेतकरी ऐन श्रावणात भाताची कापणी करताना दाखवला असेल, तर शहरातील गटात ते वाक्य कुणाला न खटकता पुढे सरकेल. गावात मात्र रोप लावण नुकतीच उरकलेली बाई वाचणाऱ्याला तिथेच थांबवते आणि मग लेखकाने हे पाहून लिहिले आहे की ऐकून, यावर चांगला वाद रंगतो. कडोलीसारख्या गावांत भरणाऱ्या ग्रामीण साहित्य संमेलनांमुळे या भागातील गावकऱ्यांना साहित्यावर चारचौघांत बोलणे परकेही वाटत नाही. सुगीच्या दिवसांत मात्र मंडळ बंद पडते, हे धरूनच चालावे.

प्रवासाचा विचार स्त्रियांनी वेगळा करायला हवा. जून २०२३ पासून कर्नाटकातील महिलांना राज्य परिवहनच्या साध्या बसमधून विनामूल्य प्रवास करता येत असल्याने खानापुरातून बेळगावला जाण्याचा खर्च हे आता कारण राहिलेले नाही. प्रश्न उरतो तो परतीच्या बसचा. सायंकाळी सहाला सुरू होणारी बैठक आठपर्यंत लांबली आणि घर तालुक्याच्या गावापासून आणखी आत असेल, तर गटाची गुणवत्ता कितीही असली तरी चार महिन्यांत येणे बंद होते. अशा वेळी रविवारी सकाळी जमणारा गट शोधावा.

ज्याला नियमित वाचनाची सवय आहे आणि जो शहरातच किंवा जवळपास राहतो, त्याने वाचनालयाचा गट निवडावा. वाचन सुटलेले असेल, तर आधी गावातील मंडळात बसावे. कन्नडमधून अनुवादित कथांवर बोलण्याची इच्छा असेल, तर मात्र मूळ कथा वाचलेली माणसे कोणत्या गटात आहेत, एवढेच पाहावे. ती गावातही भेटतात. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते, तेव्हा त्यांनी दर महिन्याला बेळगाव गाठण्याचा संकल्प करण्यापेक्षा गल्लीतच पाच-सहा जणांना जमवून वाचन सुरू करणे अधिक व्यवहार्य ठरेल.