डंबेल, चरबीचा काटा आणि मी: नऊ महिन्यांनंतर

नऊ महिन्यांपूर्वी एकाच दिवशी दोन वस्तू घरात आल्या. प्लेट काढता-घालता येणारी डंबेलची जोडी आणि वजनाबरोबर चरबीची टक्केवारीही सांगणारा डिजिटल काटा. हात जरा घट्ट दिसावेत आणि चारेक किलो उतरावेत, एवढीच अपेक्षा. आठवड्यातून चार दिवस, चाळीस मिनिटं. आळस केला असं कुणी म्हणू नये म्हणून वहीत हजेरी लावली: पहिल्या पाच महिन्यांत ७८ दिवस.

त्या पाच महिन्यांनी वजन किती उतरलं? ६८.४ वरून ६८.६. हो, वाढलं. दंड होते तसेच. घरात कुणी ‘बारीक दिसतेस’ म्हटलं नाही, आणि मी तर आरशासमोर दिव्याच्या जागा बदलून बघत होते.

आधी काट्याबद्दल, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ त्यानंच खाल्ला. एकदा रात्री त्यानं चरबी ३१.४ टक्के दाखवली. अंघोळ करून ओल्या पायांनीच परत उभी राहिले, तर २९.६. दहा मिनिटांत सव्वा किलोच्या आसपास चरबी साबणाबरोबर वाहून गेली म्हणायची! मग काट्याच्या ॲपमध्ये स्वतःचं वय दहा वर्षांनी कमी करून पाहिलं. चरबी आणखी उतरली. तेव्हा कळलं की हा काटा चरबी थेट मोजतच नाही. तळव्यांतून अगदी सौम्य वीज सोडतो. स्नायूंत पाणी भरपूर, त्यातून ती सहज जाते, चरबीत अडते. हा अडथळा मोजायचा आणि उंची, वय, स्त्री की पुरुष हे सूत्रात घालून उत्तर काढायचं. त्यात वीज एका पायातून वर चढून दुसऱ्यातून खाली येते, म्हणजे पोटाची गोष्ट बरीचशी अंदाजपंचे. वजन मात्र तो नीट सांगतो. तेवढ्यापुरता ठेवला आहे. सकाळी, काही खाण्यापिण्याआधी, आणि रोजचा आकडा न बघता आठवड्याची सरासरी.

मनगटावरच्या घड्याळानं वेगळाच घोळ घातला. दर वेळी ‘३१० कॅलरी’ म्हणून शाबासकी द्यायचं आणि मी ती शाबासकी जेवताना वसूल करायचे. अर्धी वाटी जास्त, त्यात काय एवढं! २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात उपकरणं तपासली होती. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले, पण जळालेल्या कॅलरींत सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं. माझ्या हलक्या, मध्ये मध्ये थांबत केलेल्या व्यायामाचे १५० धरले तरी पुरे. म्हणजे ७८ दिवसांचे ११,७००. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. तर पाच महिन्यांची सगळी कमाई दीड किलो, आणि तीही ताटात काहीच वाढलं नसतं तर. माझ्या वाढलं होतं.

स्नायूंचं कोडं मात्र धाकट्या भावानं सोडवलं. तो वही चाळत बसला होता. म्हणाला, “ताई, पाच किलो, बारा वेळा, तीन सेट. मागच्या पानावरही हेच. त्याच्या मागच्या पानावरही हेच. तू व्यायाम करतेयस की पाढे म्हणतेयस?”

राग आला, पण खरं होतं. पहिल्या महिन्यात ते पाच किलो जड वाटायचे, तिसऱ्यात हलके झाले, आणि मी त्यातच खूश. सुरुवातीची ताकद बरीचशी मज्जासंस्थेच्या सरावातून येते. आहेत तेच स्नायू शरीर जास्त चांगले वापरायला शिकतं. पुढे भार वाढला नाही तर स्नायू वाढवायचं त्याला कारणच उरत नाही. ही काही नवी विद्या नाही. १९४० च्या दशकात थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरनं जखमी सैनिकांना टप्प्याटप्प्यानं वाढत्या वजनाचा व्यायाम देऊन हेच केलं होतं. मला ते वहीत वाचता आलं नाही, एवढंच.

मग वाढवायला घेतलं आणि डंबेलची खोड कळली. सोबतची सगळ्यात लहान प्लेट सव्वा किलोची. दोन्ही बाजूंना एकेक लावली की थेट अडीच किलोची उडी. स्क्वॉटला, म्हणजे वजन घेऊन केलेल्या उठाबशांना चालतं, खांद्याच्या व्यायामाला नाही. तिसऱ्याच उचलीला हात थरथरतो. म्हणून आधी बाराचे पंधरा करायचे, मग वजन. शेवटी अर्ध्या किलोच्या प्लेट वेगळ्या आणल्या. त्या मुळातच सोबत द्यायला हव्या होत्या. दुसरी तक्रार म्हणजे प्लेट दांड्यावर घट्ट धरणाऱ्या एका नटाच्या आतलं रबर सहाव्या महिन्यात निघालं. तेव्हापासून तो दर सेटनंतर सैल होतो आणि पाय वाचवत उभं राहावं लागतं.

गेल्या चार महिन्यांचा हिशेब: स्क्वॉट दोन्ही हातांत पाचपाचवरून दहादहा किलो, खांद्याला पाचाचे सात. वजन ६७.१. नऊ महिन्यांत सव्वा किलो, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. पण बेंबीपाशी टेप लावली तर ९१ चे साडेसत्त्याऐंशी सेंटिमीटर झालेत. टेप पहिल्या दिवसापासून लावली म्हणून हे कळलं. काट्यावर विसंबले असते तर केव्हाच सोडून दिलं असतं.

आणि तो ‘टोन’, म्हणजे हात घट्ट, रेखीव दिसणं? हलकं वजन पन्नास वेळा उचलून तो येतो हा समज मीही बाळगून होते. दिसायला हवेत ते स्नायू, आणि त्यांच्यावरचा चरबीचा थर पातळ. माझा थर अजून जागेवर आहे. दंडाची रेघ वजन उचलताना, बाजूनं उजेड असेल तरच दिसते.

डंबेलला पाचपैकी चार, नटाचा एक कापला. काट्याला दोन. ॲपमध्ये वय परत खरं टाकलंय. डंबेलच्या दांड्यावर आता एकाच प्लेटची जागा उरली आहे, त्यामुळे जास्त लांब दांडा कुणी वापरला असेल तर तो मनगटाला अडतो का, तेवढं सांगा.