मेणबत्ती बनवायचं किट भेट द्यायचंय? आधी वात बघा

नवशिक्यांसाठीच्या मेणबत्ती-किटच्या खोक्यावर वस्तूंचा आकडा ठळक छापलेला असतो. चाळीस वस्तू, साठ वस्तू. मोजायला बसलं की त्यातले निम्मे नग स्टिकर, चिकट ठिपके आणि सुतळीचे तुकडे निघतात. मेणबत्ती नीट जळणार की नाही हे ठरतं मेण, वात, भांडं आणि थर्मामीटर या चार गोष्टींवर, आणि त्यातली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे वात. किट चांगलं की वाईट हे ठरवायचं असेल तर सगळ्यात आधी वातींचं पाकीट हातात घ्या.

वातीचं काम वितळलेलं मेण वर ओढून ज्योतीला पुरवायचं. किती ओढायचं ते तिची जाडी आणि वीण ठरवते. वात भांड्याच्या मानाने बारीक असेल तर फक्त मधलं मेण वितळतं, कडेचं जसंच्या तसं राहतं. दोन-तीन वेळा पेटवल्यावर मध्ये विहीर तयार होते आणि ज्योत त्यातच बुडून विझते. वात जाड असेल तर उलट. ज्योत उंच होते, फडफडते, काचेवर काजळी धरते, वातीच्या टोकाला काळं बोंड येतं आणि भांडं नको इतकं तापतं. म्हणजे मेण, सुगंध, रंग सगळं उत्तम असूनही चुकीच्या वातीमुळे मेणबत्ती वाया जाते, आणि बिचाऱ्या नवशिक्याला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं.

म्हणून पाकिटावर दोन गोष्टी शोधा: वातीचा क्रमांक किंवा आकार, आणि ती किती सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यासाठी आहे ते. नुसतं 'सुती वाती, ५० नग' लिहिलेलं किट आम्ही बाजूला ठेवू. तोच व्यास असताना सोया मेणाला (सोयाबीनच्या तेलापासूनचं मेण) पॅराफिनपेक्षा (खनिज तेलापासूनचं नेहमीचं मेण) सहसा जाड वात लागते, त्यामुळे वात कोणत्या मेणासाठी आहे हेही लिहिलेलं असलं तर उत्तम. लगतच्या तीन आकारांच्या थोड्या-थोड्या वाती देणारं किट एकाच आकाराच्या पन्नास वाती देणाऱ्या किटपेक्षा कितीतरी उपयोगाचं, कारण सुगंधी तेल आणि रंग बदलला की वातीचा हिशेबही थोडा हलतो.

वातीला तळाशी पत्र्याची चकती असते. तिच्यातून वर आलेली छोटी नळी निदान ३ मिलिमीटर उंच हवी, ६ असेल तर आणखी चांगलं. मेण संपत आलं की ज्योत त्या नळीपाशी विझते आणि काचेचा तळ तापत नाही. आणखी एक. जळताना वात एका बाजूला झुकली तर तो दोष समजू नये. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये विणीची वात आली ती याचसाठी. विणीच्या ताणाने टोक वाकून ज्योतीच्या कडेला जातं आणि तिथे जळून राख होतं. त्याआधी टोक सतत छाटत बसावं लागायचं.

आता मेण. नवशिक्यासाठी डब्यात ओतायचं सोया मेण ही सगळ्यात सोपी सुरुवात. ते चुऱ्याच्या रूपात येतं, साधारण ४५ ते ५२ अंशांत वितळतं, सांडलं तर गरम पाणी आणि साबणाने निघतं. पण 'सोया मेण' एवढंच वाचून थांबू नका. डब्यासाठीचं आणि साच्यासाठीचं मेण वेगळं असतं. डब्याचं मेण मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, काचेला धरून राहावं म्हणून. साच्याचं कडक असतं आणि थंड होताना आकसून साच्यापासून सुटतं. काही किटमध्ये डब्याचं मऊ मेण देऊन वर सिलिकॉनचे सुंदर साचे ठेवलेले असतात. हा जोड जमतच नाही. पाकळ्यांच्या कडा तुटतात, बाहेर आलेली मेणबत्ती हाताला चिकटते आणि पेटवली की ढासळते. साचेच द्यायचे असतील तर सोबत साच्याचं मेण हवं, किंवा पॅराफिनमध्ये ते कडक करणारं स्टिअरिक ॲसिड साधारण १० टक्के मिसळायला हवं.

जेलीसारखं पारदर्शक दिसणारं जेल मेण पहिल्या भेटीत नको. ते सोयापेक्षा बरंच जास्त तापवावं लागतं, बुडबुडे अडकतात आणि त्याला प्रत्येक सुगंधी तेल चालत नाही. लहान मुलांसाठी मात्र मधमाशांच्या मेणाचे षटकोनी नक्षीचे पत्रे घ्या. हे मेण वितळतं ६२ ते ६४ अंशांना, पण पत्रे वितळवायचेच नसतात. केस वाळवायच्या ड्रायरने किंचित कोमट करायचे, कडेला वात ठेवायची आणि घट्ट गुंडाळायचं. सैल गुंडाळलं तर आत हवा राहते आणि मेणबत्ती भराभर जळून ओघळते.

किटमधल्या वस्तूंचा एकमेकांशी मेळ बसतो का, हे आकडेमोडीने दोन मिनिटांत कळतं. सोया मेणाच्या बाबतीत डब्यात जितके मिलिलिटर भरायचे, त्याच्या साधारण ०.९ पट ग्रॅम मेण लागतं. समजा १५० मिलिलिटरचे चार डबे आहेत. वर बोटभर जागा सोडून प्रत्येकात १२० मिलिलिटर भरायचे तर एका डब्याला १०८ ग्रॅम, चारांना ४३२. किटमध्ये ४५० ग्रॅम मेण असेल तर मेळ बसला. ३०० असेल तर एक डबा रिकामा राहणार आणि दुसराही पुरता भरणार नाही. सुगंधाचंही तसंच. मेणाच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के तेल पुरेसं होतं. १०८ ग्रॅमला ७ टक्के म्हणजे साडेसात ग्रॅम. १० मिलिलिटरची बाटली एका डब्याला व्यवस्थित पुरते, ५ मिलिलिटरची बाटली वास येण्याआधीच संपते. १० टक्क्यांच्या वर गेलं की बहुतेक मेणांना ते पेलवत नाही. तेल घामासारखं वर येतं, वात कोंदते आणि ज्योत धूर सोडते.

सुगंधी तेल मेणबत्तीसाठीचंच हवं. अंगाला लावायच्या परफ्यूममध्ये अल्कोहोल असतं, ते गरम मेणात घालणं धोक्याचं. पाण्यात विरघळणारं अत्तर किंवा खाण्याचा रंग मेणात मिसळतच नाही, तळाशी थेंब होऊन बसतो. रंगासाठी मेणात विरघळणाऱ्या चकत्या किंवा द्रवरूप रंग असतो. खडू किंवा चमकी घातली तर त्यांचे कण वातीत अडकतात.

बहुतेक किटमध्ये वजनकाटा नसतो, आणि त्याच्याशिवाय वरचा हिशेब कागदावरच राहतो. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला साधा काटा भेटीत जोडा. मेण आणि तेल दोन्ही वजनानेच मोजायचं. थर्मामीटर मात्र किटमध्येच असायला हवा, निदान १०० अंशांपर्यंत दाखवणारा. 'मेण वितळलं की ओता' एवढीच सूचना देणारं किट कामाचं नाही. सोया मेण ८० अंशांच्या आसपास आणून आचेवरून उतरवायचं, मग तेल घालून दोन मिनिटं हळूहळू ढवळायचं. थंड मेणात तेल घातलं तर ते नीट मिसळत नाही. त्यानंतर ५५ ते ६० अंशांना येऊ द्यायचं आणि ओतायचं. मेणाच्या पाकिटावर वेगळे आकडे असतील तर तेच पाळायचे. प्रत्येक मिश्रणाचा स्वभाव निराळा असतो.

ओतायचा जग बघताना चोच आणि दांडा बघा. चोच अरुंद नसेल तर धार फुटते. हे जग बहुधा ॲल्युमिनियमचे असतात, म्हणून इंडक्शनवर ते स्वतः तापत नाहीत. तरी अडचण नाही, कारण जग थेट आचेवर ठेवायचाच नसतो. पातेल्यात पाणी घालायचं, तळाशी छोटी जाळी ठेवायची, तिच्यावर जग. पाण्याचा एक थेंबही मेणात जाता कामा नये, नाहीतर मेणबत्ती जळताना तडतडते. मेण आचेवर असताना तिथून हलायचं नाही. त्यातून धूर येऊ लागला तर आच बंद करायची. पेट घेतलाच तर वर झाकण घालायचं, पाणी कधीही ओतायचं नाही. पाणी क्षणात वाफ होतं आणि जळतं मेण चहूकडे उडवतं. उरलेलं मेण मोरीत सोडलं तर पाइपमध्ये थिजून बसतं. जग कोमट असतानाच कागदाने पुसून घ्यावा.

डब्यांमध्ये पत्र्याचे डबे नवशिक्यासाठी सगळ्यात निर्धोक. काच दिली असेल तर ती जाड, उष्णता सोसणारी आणि सरळ कडांची हवी. पिण्याचे पातळ ग्लास तडकू शकतात, तोंडाशी निमुळत्या बाटलीत ज्योतीला हवा पुरत नाही. व्यास ६ ते ७ सेंटिमीटर ठेवा. दहाच्या पुढे गेलं की बहुधा दोन वाती लागतात आणि ते पहिल्या दिवसाचं काम नाही.

किटच्या माहितीपत्रात हमखास गाळलेल्या गोष्टी एका कागदावर लिहून भेटीसोबत दिल्यात तर घेणाऱ्याचं मोठं काम होईल. वात दर वेळी ५ मिलिमीटरवर कापायची. पहिल्यांदा पेटवली की वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचेपर्यंत विझवायची नाही. दर अडीच सेंटिमीटर व्यासाला साधारण एक तास धरायचा, पण सलग चार तासांच्या वर जाळायची नाही. तळाशी एक सेंटिमीटर मेण उरलं की थांबायचं. सोया मेणावर पांढरी दव पडल्यासारखी नक्षी उमटते, ते मेणाचे स्फटिक असतात. काचेवर ओलसर दिसणारे डाग म्हणजे तिथे मेण काचेपासून सुटलेलं. या दोन्हींनी जळण्यात काही फरक पडत नाही. वातीजवळ खड्डा पडला तर मेण भराभर थंड झालं असं समजा. ड्रायरने वरचा थर वितळवला की बुजतो. पॅराफिन जास्त आकसतं, म्हणून त्याला थोडं मेण राखून दुसऱ्यांदा ओतावं लागतं.

एक अडचण उरते. सोया मेणबत्तीचा वास नीट खुलायला एक ते दोन आठवडे मुरावं लागतं. नव्या छंदाच्या पहिल्या उत्साहात इतकं थांबणं जिवावर येतं, आणि लगेच पेटवली तर 'वासच येत नाही' म्हणून हिरमोड होतो. भेटीत टीलाइटच्या (पत्र्याच्या छोट्या वाटीतली बुटकी मेणबत्ती) डझनभर वाट्या आणि त्यांच्या मापाच्या बारीक वाती जरूर घाला. एका वाटीला जेमतेम १५ ग्रॅम मेण लागतं. संध्याकाळी ओतलेली वाटी दुसऱ्या दिवशी पेटवता येते, आणि मोठे डबे तारीख लिहून कपाटात मुरत राहतात.