पेसमेकरची तपासणी: घाट चढून की घरबसल्या?

पेसमेकर बसवायचा हे ठरलंय, पण घरून तपासणी होणारा घ्यावा की साधा, यावर गाडं अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, पण दोन्ही वापरलेत. पहिला दाखवायला देवगडहून फोंडाघाट चढून कोल्हापूरला जावं लागे. बॅटरी संपत आल्यावर बसवलेल्या दुसऱ्यासोबत उशाशी ठेवायचा छोटा डबा मिळाला. रात्री तो पेसमेकरमधल्या नोंदी मोबाईल नेटवर्कवरून दवाखान्याला पाठवतो.

प्रवासाचा मला एवढा जाच नव्हता. जाच होता तो कंपनीच्या माणसाचा. पेसमेकर वाचायचं यंत्र, म्हणजे प्रोग्रॅमर, ज्या त्या कंपनीचा वेगळा. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. आमच्या दवाखान्यात तो कंपनीचा इंजिनीअर ठरलेल्या वारी घेऊन यायचा. आला तर छातीवर वाँड, म्हणजे प्रोग्रॅमरला जोडलेला वाचक, ठेवायचा, बॅटरी किती उरली, हृदयापर्यंत गेलेली तार ठीक आहे का, किती ठोके मशीनने दिले ते बघायचा, की झालं. नाही आला तर काउंटरवरून, "साहेब दुसरीकडे अडकलेत, पुढच्या आठवड्यात या." आत डॉक्टर बसलेले, पण यंत्राविना तेही काय करणार? जुलैत, दरड कुठे आलीय याचा अंदाज घेत पहाटे निघालेल्या माणसाला हे ऐकवलं की जे वाटतं, त्यानेच माझा कौल ठरला.

आता ठोके कुणी मोजतंय की नाही, याची धाकधूक नाही. अभ्यासही याच बाजूने झुकतात. २०१० च्या 'ट्रस्ट' नावाच्या चाचणीत दूरस्थ देखरेखीमुळे दवाखान्यातल्या तपासण्या सुमारे ४५ टक्क्यांनी घटल्या आणि बिघाड कितीतरी लवकर लक्षात आले. ती चाचणी आयसीडीवरची, म्हणजे ठोके धोकादायक बिघडले की शॉक देणाऱ्या यंत्रावरची होती, तेव्हा आकडा जसाच्या तसा पेसमेकरला लावू नये. पण २०२० साली जपानमध्ये खास पेसमेकरच्या रुग्णांवर चाचणी झाली आणि तिथेही दोन वर्षांत घरून देखरेख नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी सुरक्षित ठरली नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शनानुसार जोडणी अखंड असेल आणि बाकी तक्रार नसेल, तर प्रत्यक्ष भेट २४ महिन्यांपर्यंत लांबवता येते.

'अखंड' म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाने स्वतःच ठरवावं. पावसात खांब पडला की वीज जाते, मागोमाग टॉवरही. शिवाय आम्ही उन्हाळ्यात पडवीत झोपतो आणि डबा राहतो माजघरात. मग दवाखान्यातून फोन येतो, "काका, माहिती आली नाही." शेजारचा तर रोज विचारतो, "बॉक्साक रेंज हा मां?" नोंदी पेसमेकरच्या आत साठून राहतात, जोडणी आली की पुढे जातात, म्हणून मी फार मनावर घेत नाही. ज्यांच्या घरात मोबाईलवर रेंजची एकही दांडी दिसत नाही, त्यांनी मात्र दहादा विचार करावा.

डबा फक्त वाचतो. सेटिंग बदलायचं तर घाट चढावाच लागतो. आणि डबा म्हणजे रुग्णवाहिका नव्हे: चक्कर आली, छातीत दुखलं, तर डब्याकडे बघत न बसता थेट दवाखाना गाठायचा.

खर्च थोडा जास्त येतो, पण मला विचाराल तर घरून तपासणीचाच घ्या. सगळ्या मॉडेलांत ही सोय नसते, तेव्हा बसवण्याआधीच विचारा. आणि येणारी माहिती दवाखान्यात रोज नेमकं कोण बघतं, त्याचा फोन नंबर घेतल्याशिवाय सही करू नका.