कॅनडाला येण्याआधीचा मोफत कोर्स: अकरा महिन्यांनंतर

पीआर (कॅनडात कायम राहण्याचा परवाना) मंजूर होत आली तेव्हा, जून २०२३ मध्ये, आयआरसीसीकडून, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याकडून, प्री-अरायव्हल सेवांचं, म्हणजे तिकडे जाण्याआधीच्या मोफत ऑनलाइन कोर्सचं, पत्र आलं. मी ते डिलीटच करणार होते. फुकट आहे म्हणजे काहीतरी गळ्यात मारणार, ही आपली शंका. पण खर्च कॅनडा सरकारचा आहे, कुणी काही विकत नाही, असं कळल्यावर नाशिकमधून मी आणि नवरा दोघांनीही नाव नोंदवलं. ऑक्टोबरात टोरोंटोजवळच्या मिसिसागाला उतरलो. कोर्स कसा होता हे तेव्हा सांगता आलं नसतं, आता येतं.

टोरोंटोचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा. त्यामुळे निम्मी सेशन्स मी कुकरच्या शिट्ट्या मोजत ऐकली. हवामान, बँका, 'कॅनेडियन लोक सॉरी फार म्हणतात' वगैरे भाग सोडला तरी चालेल, ते यूट्यूबवर ढिगाने आहे. जॅकेट तिकडून आणू नका, एवढं लक्षात ठेवा. आमची दोन अजून बॅगेत आहेत.

खरा उपयोग झाला तो एका सल्लागार बाईंनी दिलेल्या यादीचा: भारत सोडल्यावर जे मिळवायला जीव जाईल, ते आधी गोळा करा. त्यात पहिलं होतं आरटीओचं लायसन्स एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे लायसन्स कधीपासून आहे हे सांगणारं पत्र. मला हसू आलं होतं. लायसन्स आहे की खिशात! पण परदेशातला दोन वर्षांहून जास्त अनुभव कागदावर दाखवता आला, तर ऑन्टारियोत (आमच्या प्रांतात) जी-वनच्या, म्हणजे शिकाऊ लायसन्सच्या, लेखी परीक्षेनंतर थेट जी, म्हणजे पूर्ण लायसन्सची, रोड टेस्ट देता येते, मधली वाट पाहणं टळतं. नवऱ्याने नाशिकच्या आरटीओत तीन खेपा घालून ते पत्र आणलं. मी 'नंतर बघू' म्हणाले, आणि आता माझे सासरे माझ्यासाठी तिथे खेटे घालतायत.

दुसरं, लेकीचं लसीकरण. आमच्या डॉक्टरांच्या पुस्तिकेतलं अक्षर आम्हालाच लागत नव्हतं. टाइप करून, सही-शिक्क्यासह घेतलं. इथे शाळेतल्या मुलांच्या लशींची नोंद पब्लिक हेल्थकडे (स्थानिक आरोग्य खात्याकडे) द्यावी लागते, आणि नोंद नसली तर मुलाला काही दिवस शाळेबाहेरही ठेवू शकतात. आमचं काम एका बैठकीत झालं.

तिसरं म्हणजे दागिने. जे सामान मागाहून येणार, त्याचीही यादी पहिल्यांदा उतरतानाच कस्टम्सला द्यायची असते. आईने दिलेल्या पाटल्या लॉकरमध्येच होत्या, तरी फोटो आणि वर्णनासकट कस्टम्सच्या बीएसएफ१८६ फॉर्मवर लिहिल्या. पुढच्या वर्षी आणताना तो शिक्का मारलेला कागद दाखवायचा.

नोकरीच्या बाबतीत मात्र माझं मत संमिश्र आहे. बायोडेटातून फोटो, जन्मतारीख, 'मॅरिड' हे सगळं काढायला लावलं, ते योग्यच. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर. इंजिनिअरिंगचं लायसन्स नसताना इथे स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेता येत नाही, हे तिथेच कळलं, नाहीतर व्हिजिटिंग कार्डं छापून आणली असती त्याने. ते लायसन्स देणाऱ्या ऑन्टारियोतल्या संस्थेने कॅनेडियन अनुभवाची अट मे २०२३ मध्ये काढली, हेही उत्साहाने सांगितलं. पण नोकरी देणाऱ्यांच्या डोक्यातून ती कोण काढणार? पाच महिने तो गोदामात रात्रपाळी करत होता. 'सर्व्हायव्हल जॉब', म्हणजे पोटापुरती मिळेल ती नोकरी, हा शब्द कोर्समध्ये एका स्लाइडवर होता. एकाच. मेंटॉरची दोन सेशन्स ठरली, एक आयत्या वेळी रद्द झालं आणि परत लागलंच नाही.

घराचंही तसंच. ऑन्टारियोत घरमालक पहिल्या आणि शेवटच्या महिन्यापलीकडे आगाऊ भाडं मागू शकत नाही, हे आम्हाला पाठ होतं. एकाने सहा महिन्यांचं मागितलं. मी कायदा सांगितला. तो 'शुअर' म्हणाला आणि घर दुसऱ्याला दिलं. शेवटी जागा मिळाली ती एका मराठी कुटुंबाच्या ओळखीने, बेसमेंटमध्ये.

तरी मी पाचपैकी चार देईन. फक्त नाव तिकिटं काढल्यावर नव्हे, पत्र येताक्षणी नोंदवा. आम्ही ट्रान्स्क्रिप्टसाठी (मार्कांच्या अधिकृत नोंदीसाठी) पुणे विद्यापीठात शेवटच्या आठवड्यात धावलो होतो. नवऱ्याचा पाकीटबंद संच मिळाला, माझा अजून यायचाय.