छोटा कीबोर्ड घेताना काय सोडायचं: टीकेएल, ७५, ६५ की ६०?

छोटा कीबोर्ड घ्यायचं ठरलं की पहिला घोळ नावांचाच होतो. ७५ टक्के, ६५ टक्के, ६० टक्के हे पूर्ण कीबोर्डच्या तुलनेतले ढोबळ गट आहेत, त्यांना मापं समजू नका. अक्षरांची बटणं या सगळ्यांत बहुतेक वेळा मोठ्या कीबोर्डइतकीच असतात: एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्याच्या मध्यापर्यंत १९.०५ मिमी. त्यामुळे बोटांना दाटी होईल ही भीती सोडून द्या. काटछाट होते ती कडेची.

बाहेरची चौकट सोडून फक्त बटणांची रुंदी मोजली, तर १०४ बटणांचा पूर्ण कीबोर्ड साधारण ४३ सेंमी भरतो. नमपॅड, म्हणजे उजवीकडचा आकड्यांचा गट, गेला की ८७ बटणांचा टीकेएल (टेनकीलेस) उरतो, तो ३५ सेंमीच्या आसपास. ७५ आणि ६५ दोन्ही साधारण साडेतीस, आणि ६० टक्के साडेअठ्ठावीस. म्हणजे पहिल्या पायरीवर ८ सेंमी वाचतात, दुसरीवर ४ आणि तिसरीवर जेमतेम २. गैरसोय मात्र प्रत्येक पायरीला वाढतच जाते. माझ्या मते निवड करताना हा हिशेब सगळ्यात आधी डोळ्यांपुढे ठेवावा.

पहिली पायरी बहुतेकांनी बिनधास्त उतरावी. नमपॅडमुळे माउस उजवीकडे ढकलला जातो आणि दिवसभर उजवा हात खांद्यातून बाहेर फाकलेला राहतो. माउस ८ सेंमी आत आला की फरक कळतो. आयबीएमनं तर १९८७ मध्येच मॉडेल एम या कीबोर्डची बिननमपॅडची आवृत्ती काढली होती, तेव्हा ही काही आजची टूम नाही. अपवाद आकडे भरणाऱ्यांचा. हिशेब, बिलं, गुणपत्रकं ज्यांच्या रोजच्या कामात आहेत, त्यांनी वरच्या ओळीतल्या आकड्यांवर भागेल असं स्वतःला समजावू नये. त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. एक ९६ टक्क्यांचा कीबोर्ड. यात नमपॅड असतो, पण मधल्या फटी काढून सगळं जवळ आणलेलं असतं आणि रुंदी जवळपास टीकेएलइतकीच राहते. दुसरी वाट सुट्या नमपॅडची. मला ही जास्त आवडते, कारण तो डाव्या हाताला ठेवता येतो आणि माउसची जागा मोकळीच राहते.

७५ की ६५, इथे लोक सर्वात जास्त अडकतात, आणि इथलंच उत्तर मला सर्वात सोपं वाटतं. दोघांची रुंदी सारखी. ६५ मध्ये फक्त वरची फंक्शन ओळ (एफ१ ते एफ१२) जाते, म्हणजे जागा वाचते ती पुढे-मागे, अंदाजे २ सेंमी. माउस कीबोर्डच्या बाजूला असतो, पुढे नसतो. मग एफ२ दाबून सेल दुरुस्त करणाऱ्यानं किंवा डीबगरमध्ये (कोडमधल्या चुका शोधायच्या साधनात) एफ१० आणि एफ११ वर दिवस काढणाऱ्यानं ती ओळ का सोडावी? ६५ मध्ये तीच कामं एफएन (इतर बटणांना दुसरं काम देणारं बटण) आणि आकड्यांच्या ओळीतलं बटण एकत्र दाबून होतात खरी, पण शिफ्ट-एफ११ साठी तीन बटणं धरावी लागतात. एफच्या ओळीला तुमचा हात क्वचितच जात असेल, तर ६५ नीटनेटका आणि पुरेसा आहे.

७५ ची एक खोट सांगायलाच हवी. टीकेएलमध्ये एफची बटणं चार-चारच्या गटांत असतात आणि मधल्या फटींमुळे न बघता सापडतात. ७५ मध्ये अनेकदा सगळी एका रांगेत चिकटलेली, त्यामुळे एफ५ ऐवजी एफ६ दाबलं जातं. होम, एंड, पेज अप यांची उजव्या कडेची उभी रांगही प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीनं लावते. विकत घेण्याआधी फोटो मोठा करून ती रांग वाचा.

६० टक्क्यांत ॲरो जातात, आणि ही पायरी खरोखर उंच आहे. कंट्रोल-शिफ्ट-ॲरोनं शब्द निवडायची सवय असेल, तर तिथे आता चौथं बटणही धरावं लागतं. डाव्या कोपऱ्यात एस्केप आल्यामुळे बॅकटिक (`) आणि टिल्डही (~) एफएनखाली जातात. कोड लिहिणाऱ्यांना हे रोज बोचतं. तरी ६० वर जीव लावणारी माणसं खोटं बोलत नाहीत. कीबोर्डमध्ये क्यूएमके किंवा व्हीआयएसारखी बटणांची कामं बदलायची सोय असेल, तर कॅप्स लॉक दाबून धरल्यावर आय, जे, के, एल हेच ॲरो करता येतात आणि हात जागचा हलतही नाही. हे सुख मोठ्या कीबोर्डवर ॲरोकडे हात नेणाऱ्याला मिळत नाही. पण अशी बदलाची सोय नसलेला ६० घेऊ नका. त्यात अनेकदा एफएन उजव्या कोपऱ्यात आणि ॲरोही उजव्याच बाजूला असतात, मग एकाच हाताची कसरत होते.

४० टक्क्यांबद्दल थोडक्यात: आकड्यांची ओळच नाही. इनस्क्रिप्टनं देवनागरी लिहिणाऱ्यांची क्ष, ज्ञ, त्र, श्र ही अक्षरं त्याच ओळीवर शिफ्टसह असतात, आणि ड ज्या चौकोनी कंसाच्या बटणावर असतो तेही बहुधा गायब. मराठीत रोज लिहीत असाल तर याच्या वाटेला जाऊ नका.

कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, बदलायची हौस असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. ६५ आणि ७५ मध्ये उजवा शिफ्ट आखूड असतो, साध्या संचात त्या मापाचा तुकडा असेलच असं नाही.

ठरत नसेल तर आहे त्याच कीबोर्डवर परीक्षा घ्या. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या मोफत साधनांतल्या कीबोर्ड मॅनेजरमधून एकेक बटण बंद करता येतं. आधी नमपॅड बंद करा, काही दिवसांनी एफची ओळ, मग ॲरो. ज्या टप्प्यावर हात वारंवार मेलेल्या बटणावर जाऊन आपटेल, त्याच्या एक पायरी आधीचा कीबोर्ड घ्या.