हेल्महोल्ट्झ कॉइलची जोडी: वाइंडिंग सुबक, अंतर मात्र चुकलेले

महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेसाठी पुण्यातील एका लहान वाइंडिंग वर्कशॉपकडून आम्ही हेल्महोल्ट्झ कॉइलची, म्हणजे मधल्या जागेत एकसारखे चुंबकीय क्षेत्र देणाऱ्या दोन समान कॉइलची, जोडी करून घेतली. प्रत्येक कॉइलला १८ गेजच्या एनॅमल तारेचे १३० वेढे, सरासरी त्रिज्या १५ सेंटीमीटर आणि दोन्ही कॉइलची एकसर जोडणी, अशी मागणी होती.

वाइंडिंगचे काम सुबक आहे. फॉर्मर (तार गुंडाळण्याचे साचे) बेकलाइटचे आणि स्क्रू पितळेचे आहेत. जवळपास लोखंड असले की क्षेत्र बिघडते, हे कारागिराला न सांगता ठाऊक होते, याचे मनापासून कौतुक वाटले.

पहिल्या चाचणीत मात्र ३ अँपिअरला मध्यबिंदूपाशी २३.४ गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) अपेक्षित असताना गॉसमीटरने २१.५ दाखवले, आणि दोन्ही कॉइलच्या केंद्रांतून जाणाऱ्या अक्षावर ३ सेंटीमीटर सरकल्यावर क्षेत्र किंचित वाढले. अक्षावरील क्षेत्राच्या आलेखाच्या मध्यभागी असा खळगा पडला, याचा अर्थ कॉइल एकमेकींपासून दूर बसल्या होत्या. १५ सेंटीमीटर हे अंतर वाइंडिंगच्या आतल्या कडांमध्ये मोजले गेले होते; वाइंडिंगची रुंदी सुमारे २ सेंटीमीटर असल्यामुळे मध्यापासून मध्यापर्यंत ते १७ भरत होते. या रचनेचे सारे मर्म याच अंतरात आहे, कारण ते त्रिज्येइतके असेल तरच मध्यबिंदूपाशी आलेखाची वक्रता शून्य होते आणि दोन्ही बाजूंना ३ सेंटीमीटरपर्यंत क्षेत्रातील फरक ०.२ टक्क्यांच्या आत राहतो. वर्कशॉपने जादा पैसे न घेता स्टँडला नव्या खाचा पाडून दिल्या आणि आकडे जुळले.

सोबत मिळालेला वीजपुरवठा स्थिर व्होल्टेजचा आहे, ही दुसरी उणीव. कॉइल तापल्यावर एकूण रोध ३.६ वरून ३.९ ओहमवर गेला आणि त्याच प्रमाणात प्रवाह घटून क्षेत्र सुमारे ८ टक्क्यांनी उतरले. त्यामुळे स्थिर प्रवाह देणारा पुरवठा वेगळा घ्यावा लागला.

पदवीच्या प्रयोगांसाठी ही जोडी मी निःसंकोच सुचवीन. दहापट क्षेत्र हवे असणाऱ्यांनी मात्र अशा कॉइलच्या वाटेला जाऊ नये, कारण प्रवाह दहापट केला की उष्णता शंभरपट, म्हणजे ३ किलोवॉटहून अधिक होते; तेथे लोखंडी गाभ्याचा विद्युतचुंबक घ्यावा. मागणी नोंदवताना अंतर वाइंडिंगच्या मध्यापासून मोजायचे, हे आराखड्यावर स्पष्ट लिहून द्यावे.