ट्रॅक डेसाठी वापरलेला ट्रेलर घेताय? प्लेटवरच्या आकड्यावर जाऊ नका, मला असंच गंडवलं

ट्रॅक डेला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवशी, गाडी ट्रेलरवर टाकून न्यायची म्हणून सेकंड हॅन्ड ट्रेलर शोधत असाल तर हे जरा वेळ काढून वाचा. लांबलचक झालंय, पण मला ज्या माणसाने टोपी घातली त्याची पद्धत इतकी बसवलेली होती की हे तो पहिल्यांदा करत नव्हता हे नक्की, आणि थांबणारही नाही.

थोडं आधीचं सांगतो म्हणजे आकडे कळतील. माझी गाडी १४३० किलोची, इंजिन मागे, खाली इतकी बसकी की साध्या स्पीड ब्रेकरलाही तिरकी घ्यावी लागते. ट्रॅकवर चालवत नेता येते, पण तिथे क्लच गेला किंवा गाडी भिंतीला लागली तर परत कशी आणायची? म्हणून ट्रेलर. बंद डब्याचा ट्रेलर भारी वाटतो पण तो रिकामाच दीड ते दोन टनांचा असतो, वर गाडी, म्हणजे ओढायला मोठं धूड लागतं. माझ्या एसयूव्हीला ते झेपणारं नव्हतं. त्यामुळे उघडा, डबल ॲक्सलचा, ब्रेकवाला ट्रेलर एवढंच शोधत होतो.

जाहिरात बरोब्बर तेवढीच होती. डबल ॲक्सल, चारही चाकांना इलेक्ट्रिक ब्रेक, एकूण क्षमता (ट्रेलरचं स्वतःचं वजन धरून) ३१७५ किलो, रिकामं वजन ८०० किलो, टायर नवे, मालक स्वतः रेसर. हा ३१७५ चा आकडा हवेतला नाही हे लक्षात घ्या. ३५०० पौंडाचे दोन ॲक्सल असले की ७००० पौंड होतात, म्हणजे ३१७५ किलो, आणि असे ट्रेलर सर्रास मिळतात. खोटं बोलणाऱ्याला खरा आकडा कुठला ते नीट माहीत होतं.

बघायला गेलो तर माणूस एकदम मिठ्ठास. गाडी कुठली, स्प्लिटर (पुढच्या बंपरखालची आडवी पट्टी) आहे का, सीट किती खाली आहे, सगळं विचारलं. मग त्याने रॅम्प काढून दाखवले, चांगले लांब होते, डेकचा, म्हणजे गाडी उभी राहते त्या फळ्यांचा, मागचा भाग उतरता केलेला होता त्यामुळे चढताना गाडीची पुढची खालची कड घासणार नाही, आणि एका बाजूचं मडगार्ड पिना काढून उतरवता येत होतं म्हणजे गाडी वर चढवल्यावर दार उघडून बाहेर पडता येतं, नाहीतर खिडकीतून सरपटत निघावं लागतं. बसक्या गाडीसाठी ट्रेलर निवडताना ह्याच गोष्टी बघायच्या असतात आणि ह्या तिन्ही खऱ्या होत्या! तिथेच तर गोम आहे. डेकच्या वरचं सगळं चोख, आणि त्याने दाखवलं ते सगळं वरचंच. ट्रेलर उजव्या बाजूने भिंतीला चिकटवून लावलेला, खाली चिखल, आणि काळा रंग इतका ताजा की बोटाला वास येत होता. "सीझन संपला की दरवर्षी मारतो सर, गंज नको म्हणून."

ब्रेकबद्दल मी स्वतःहून विचारलं. लगेच त्याने माझ्या एसयूव्हीला प्लग जोडला, आतल्या ब्रेक कंट्रोलरचं (ट्रेलरचे ब्रेक लावणारी डबी) हाताचं बटन मला दाबायला लावलं आणि म्हणाला, "इकडे या, कान लावून ऐका, मॅग्नेट गुणगुणतोय की नाही?" चाकातला ब्रेक लावतो तो हा मॅग्नेट. गुणगुणत होता. डावीकडचं पुढचं चाक होतं ते. नंतर कळलं की अख्ख्या ट्रेलरला चालू मॅग्नेट तेवढा एकच होता.

कागद होते, कागदावरचा नंबर प्लेटवरच्या नंबरशी जुळत होता (प्लेट म्हणजे फ्रेमवर रिव्हेटने ठोकलेली पट्टी, तिच्यावर ट्रेलरचा नंबर आणि क्षमता असते). अजून एक जण संध्याकाळी येतोय हे नेहमीचं पालुपदही होतंच. पैसे सगळे एकदम हवेत म्हणाला आणि पावतीवर लिहिलं "ट्रेलर एक नग, आहे त्या स्थितीत". क्षमता, ब्रेक, टायर, काही म्हणजे काही नाही.

रिकामा आणताना काही जाणवलं नाही, रिकामा ट्रेलर कसाही येतो. गाडी चढवून पहिल्यांदा निघालो तेव्हा उतारावर ब्रेक दाबला की मागून कोणीतरी ढकलतंय असं वाटायला लागलं, आणि थोडा वेग वाढला की ट्रेलर डावीकडे उजवीकडे झुलायचा. आता झुलण्याचं पहिलं कारण बहुतेक वेळा वजनाची मांडणी असतं. हिचवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीला ट्रेलर जोडतो त्या जागी, येणारं वजन कमी पडलं, म्हणजे जास्त भार ॲक्सलच्या मागे गेला, की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. अमेरिकेत भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के हिचवर असावं असं धरतात, युरोपात ओढणाऱ्या गाडीची मर्यादा कमी असते त्यामुळे आकडाही कमी असतो. मागे इंजिन असलेली गाडी सरळ चढवली तर जड बाजू मागे जाते, म्हणून ती पुढे सरकवून किंवा चक्क उलटी चढवून बघावी लागते. ते सगळं केलं. झुलणं थोडं कमी झालं, ढकलणं तसंच.

मग ट्रॅकचा नाद सोडला आणि हळूहळू वजनकाट्यावर घातला. गाडी आणि सामानासकट ट्रेलर २६५० किलो, गाडी उतरवून रिकामा ११२०. जाहिरातीत ८०० होता. तीनशे किलो लोखंड कुठून आलं? ट्रेलर तसाच एका वेल्डिंगवाल्या काकांकडे नेला. त्यांनी खाली सरकून टॉर्च मारला आणि पहिलं वाक्य, "ही प्लेट इथली नाही हो." रिव्हेट कोरे चकचकीत, आणि प्लेटच्या कडेला रंगाखाली जुन्या भोकांत पुटी भरलेली. नखाने टोकरली तर निघाली. कागदावरची लांबी आणि टेपने मोजलेली लांबी यातही जवळजवळ अर्ध्या मीटरचा फरक होता, म्हणजे कागद आणि प्लेट दुसऱ्याच कुठल्यातरी ट्रेलरचे.

इथून पुढचा भाग नीट वाचा कारण कुठलाही ट्रेलर बघताना तो उपयोगी पडेल. प्लेट एक असते, ती बदलता येते. पण ट्रेलरवर आकडे बऱ्याच ठिकाणी असतात आणि सगळे बदलणं ह्या असल्या लोकांना परवडत नाही, त्यामुळे ते फक्त रंगाखाली झाकतात. काकांनी कपलरवर, म्हणजे जो भाग गाडीच्या मागच्या टो बॉलवर (लोखंडी गोळ्यावर) बसतो त्यावर, तारेचा ब्रश मारला. खाली ठोकलेला आकडा आला, ५००० पौंड. म्हणजे २२६८ किलो. आता मला सांगा, २२६८ च्या कपलरवर ३१७५ चा ट्रेलर होईल कसा? ट्रेलरची क्षमता ही त्यातल्या सगळ्यात दुबळ्या भागाइतकीच असते, प्लेटवर काही का लिहिलेलं असेना.

ॲक्सलवरचं लेबल ग्राइंडरने उडवलेलं होतं. पण नळीची जाडी कशी लपवणार? ३५०० पौंडाच्या ॲक्सलची गोल नळी साधारण ६० मिलिमीटर व्यासाची असते, २००० पौंडाची त्याहून चांगलीच बारीक. इथे कॅलिपर लावल्यावर ४५ च्या आसपास भरली, दोन्हीकडे. म्हणजे २००० पौंडाचे दोन ॲक्सल, ९०७ अधिक ९०७, एकूण १८१४ किलो. त्यातून ट्रेलरचं स्वतःचं ११२० वजा करा, राहिले सातशे किलोसुद्धा नाहीत. १९९६ मध्ये आलेली पहिली लोटस एलिस इतकी हलकी म्हणून नावाजली गेली, ती ७२५ किलोच्या आसपास होती, तीसुद्धा ह्यावर काठावरच बसली असती. माझ्या गाडीचं काय घेऊन बसलात. थोडा भार हिचवर जातो हे धरलं तरी ॲक्सलवर पाचशेच्या वर किलो जास्त होते.

टायरची गंमत तर ऐकाच. चारही टायर काळे कुळकुळीत, नक्षी भरपूर. टायर कधी बनला ते त्याच्या बाजूवर कोरलेलं असतं, शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. बघताना मी बाहेरून शोधले होते तर नुसतीच अर्धवट अक्षरं, तारीख नाही. कारण तारखेसकट पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला दिला तरी चालतो, आणि ह्या बाबाने चारही टायर मुद्दाम उलटे चढवले होते, कोडची बाजू आत. चाकं उतरवल्यावर दिसलं, ११०९. २००९ सालचा अकरावा आठवडा! नक्षी उरली कारण ट्रेलर उभा असतो, पण रबर तर म्हातारं होतंच, नक्षीच्या खाचांत बोट फिरवलं तर बारीक चिरा लागत होत्या, वरून पॉलिश चोपडलेलं. आणि भार? कोडजवळच लोड इंडेक्स ८४, म्हणजे एका टायरला ५०० किलो, चारांचे २०००. प्लेट खरी असती तर किमान १०० चा टायर लागला असता, तो ८०० किलोचा असतो.

ब्रेकचं सांगितलंच थोडं. मागच्या ॲक्सलला ब्रेक नव्हतेच, साधे हब. पुढे उजवीकडे ड्रम होता पण वायर कापून टेप मारून आत खोचलेली. हे पकडायला खाली झोपायचीही गरज नाही, ब्रेकच्या वायरवर अँपियर मीटर लावा. एक मॅग्नेट साधारण ३ अँपियर घेतो, चार चाकांचे मिळून १२ च्या आसपास यायला हवेत. माझ्याकडे तीन आले. ट्रेलर हिचवरून निसटला तर ब्रेक आपोआप लागावेत म्हणून एक डबी असते, तिची पिन ओढायची आणि चाकं अडतात का बघायची. माझी डबी उघडली तर आत बॅटरीच नव्हती, वजन वाटावं म्हणून लाकडाचा तुकडा बसवलेला!! हे बघून काकासुद्धा हसले.

स्प्रिंगच्या ब्रॅकेटजवळ तडे होते, पुटी भरून वर तो ताजा रंग. गाडी बांधायचे रॅचेट पट्टे अडकवायच्या कड्या फ्रेमला नव्हत्या, नुसत्या डेकच्या फळीला बोल्टने. जोरात ब्रेक लागला असता तर फळी उखडून गाडी पुढे आली असती.

फोन केला तर साहेबांनी हात वर केले. "मी स्वतः ह्यावर गाडी नेलीय, तुम्ही लोड चुकीचा केला असेल." मी म्हटलं प्लेट कुठून आणली तेवढं सांगा. फोन कट, नंतर नंबर बंद. तक्रार दिली आहे, प्लेट, कोऱ्या रिव्हेटचे फोटो, वजनकाट्याच्या पावत्या सगळं जोडून. पावतीवरच्या "आहे त्या स्थितीत" ह्या तीन शब्दांमुळे पैशाचं अवघड आहे असं वकिलाचं म्हणणं, पण नंबराची प्लेट बदलणं ही वेगळी भानगड आहे आणि तिथे तो अडकेल असं दिसतंय. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मी सौद्याच्या आधीच काढून ठेवला होता, त्यात ३१७५, चार ब्रेक आणि नवे टायर हे शब्द आहेत, वकिलाने सगळ्यात आधी तोच मागितला.

बरेच जण विचारतील की अॅल्युमिनियमचा घेतला असता तर? गंज नाही लागणार, वजनही बरंच कमी, पण अॅल्युमिनियमला वेल्डजवळ तडे जातात आणि स्टीलचे बोल्ट जिथे बसतात तिथे ते खाल्लं जातं, त्यामुळे खाली सरकून बघणं काही चुकत नाही. त्यातल्या त्यात फसवणाऱ्याला अवघड म्हणजे गरम जस्तात बुडवून काढलेला स्टीलचा ट्रेलर, कारण तो कोणी रंगवत नाही, आणि रंगवलेला दिसला तर का रंगवला हे विचारायला सरळ कारण मिळतं.

जायच्या आधीच विक्रेत्याकडून हे फोटो मागवा: कपलरवरचा ठोकलेला आकडा, ॲक्सलचं लेबल, चारही टायरचे तारखेचे कोड, आणि प्लेट अशी की रिव्हेट दिसतील. "कोड आतल्या बाजूला आहे सर" असं उत्तर आलं तर म्हणा मग चाक काढून पाठवा, ट्रेलरचं चाक काढायला काही फार वेळ लागत नाही. आणि पैसे देण्याआधी ट्रेलर वजनकाट्यावर न्यायचाच, काट्याचे पैसे मी देतो म्हणायचं.

माझ्या ट्रेलरचं म्हणाल तर नवे ॲक्सल, ब्रेक, टायर, कपलर आणि फ्रेमची डागडुजी धरून काकांनी जो हिशोब सांगितला त्यात दुसरा चांगला ट्रेलर येतो. शिवाय तक्रार मिटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही असं वकिलाने बजावलंय. तोपर्यंत गाडी भाड्याच्या ट्रेलरवर जाते.